वाचक विचारतात : लॅपटॉपमध्ये काय बदलता येते, बाहेरून काय जोडता येते

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच शंकेभोवती फिरणारी आहेत. हाताशी असलेला लॅपटॉप कमी पडू लागला आहे. त्याला आतून सुधारावे, बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडावे, की सरळ नवा घ्यावा? निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४२००एम हा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. तो सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागतात आणि ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले की माऊसचा बाणसुद्धा अडखळतो. यात आय७ बसवता येतो असे समजले. बसवावा का?

उत्तर : बसवता येतो ही माहिती खरी आहे, आणि आपले नशीब असे की ती आपल्याच प्रोसेसरच्या बाबतीत खरी आहे. नावाच्या शेवटी असलेले ‘एम’ हे अक्षर येथे महत्त्वाचे ठरते. चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१३च्या सुमारास निघालेल्या लॅपटॉपपर्यंत, इंटेलचे ‘एम’ आणि ‘एमक्यू’ अक्षरांचे प्रोसेसर सॉकेटमध्ये बसत असत आणि एक स्क्रू फिरवून काढता येत असत. त्याच पिढीतला आय५-४२००यू मात्र मदरबोर्डवर सोल्डर केलेला असे. पाचव्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपसाठी सॉकेटचे प्रोसेसर काढणेच बंद केले. त्यामुळे अलीकडच्या लॅपटॉपविषयी कोणी प्रोसेसर बदलून देतो म्हणाले, तर त्याचा अर्थ बहुधा पूर्ण मदरबोर्ड बदलणे असा होतो आणि तो हिशेब क्वचितच परवडतो.

आपल्या सॉकेटमध्ये आय७-४७०२एमक्यू बसू शकेल. आपल्या प्रोसेसरप्रमाणेच तो ३७ वॉटचा आहे. फरक इतकाच की दोन कोअरऐवजी त्याला चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. ४७ वॉटचा आय७-४७००एमक्यूही त्याच सॉकेटचा आहे, परंतु ३७ वॉटसाठी बेतलेला पंखा आणि तांब्याची नळी त्याची उष्णता बाहेर टाकू शकेलच असे नाही. शिवाय लॅपटॉपच्या बायोसला, म्हणजे तो सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीला, नवा प्रोसेसर ओळखता आला पाहिजे. आपल्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत कंपनीने तो प्रोसेसर दिला होता का, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावे. तेथे त्याचे नाव असेल तर धोका बराच कमी होतो.

हे सगळे सांगून झाल्यावर माझे मत असे की, आज आपण प्रोसेसरला हात लावू नये. आपण वर्णन केलेली लक्षणे प्रोसेसरची नाहीतच. लॅपटॉप अडखळत असताना टास्क मॅनेजर उघडून पाहिलात, तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि प्रोसेसरच्या रकान्यात वीस-तीस टक्के असे आकडे दिसण्याची दाट शक्यता आहे. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर टाकते आणि लागेल तसा परत आणते. हार्ड डिस्कला मात्र तबकडीवर सुई फिरवून प्रत्येक तुकडा शोधावा लागतो, म्हणून विखुरलेल्या लहान तुकड्यांची वाचने ती सेकंदाला शंभर-दीडशेच्या आसपासच करू शकते. साध्या साटा एसएसडीला (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी, हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी डिस्क) हेच काम हजारोंच्या संख्येने करता येते. म्हणून आधी अडीच इंची साटा एसएसडी बसवावी आणि रॅम ८ जीबी, जमल्यास १६ जीबी करावी. रॅम घेताना ती १.३५ व्होल्टची डीडीआर३एल असल्याची खात्री करावी, कारण दीड व्होल्टची जुनी डीडीआर३ त्याच खाचेत बसते, पण या पिढीचा लॅपटॉप तिच्यावर नीट चालत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. विंडोज ११ची अधिकृत प्रोसेसर-यादी इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आय७ बसवल्यानेही पिढी चौथीच राहते. एसएसडी उद्या दुसऱ्या लॅपटॉपला किंवा बाहेरच्या डिस्कच्या डबीत वापरता येईल. जुन्या सॉकेटचा प्रोसेसर मात्र दुसरीकडे कुठेच उपयोगी पडणार नाही. हा लॅपटॉप पुढेही वापरायचा असेल तर एसएसडीवर एखादे हलके लिनक्स वितरण टाकून पाहावे, आणि तरीही प्रोसेसरच कमी पडतो असे आकड्यांवरून दिसले तरच आय७चा विचार करावा.

प्रश्न : मी चित्रफितींचे संपादन आणि थोडे त्रिमितीय काम करते. लॅपटॉपमध्ये आय७-८५५०यू, १६ जीबी रॅम आणि थंडरबोल्ट ३ (बाहेरची उपकरणे वेगाने जोडण्याचे पोर्ट) आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. बाह्य ग्राफिक्स कार्ड घेतले तर डेस्कटॉपसारखा वेग मिळेल का?

उत्तर : काही कामांत जवळपास मिळेल, काहींत अर्धामुर्धा मिळेल, आणि काहींत फरक जाणवणारही नाही. कोणते काम कोणत्या गटात मोडते हे ठरवण्यासाठी केबलमधून नेमके काय वाहते ते आधी पाहू.

डेस्कटॉपमधले ग्राफिक्स कार्ड पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्डवरच्या जोडणीच्या सोळा लेनवर, म्हणजे माहिती वाहणाऱ्या सोळा समांतर वाटांवर, बसते. तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन म्हणजे एका दिशेने सेकंदाला सुमारे १२६ गिगाबिट. थंडरबोल्ट ३च्या पोर्टावर ४० गिगाबिटचा आकडा असतो खरा, पण त्यातला काही भाग पडद्याच्या संदेशांसाठी राखून ठेवलेला असतो आणि कार्डाच्या वाट्याला प्रत्यक्षात २२ गिगाबिटच्या आसपास जागा येते. म्हणजे डेस्कटॉपच्या साधारण एक-षष्ठांश. काही पातळ लॅपटॉपमध्ये कंपनीने थंडरबोल्टला चारऐवजी दोनच लेन दिलेल्या असत, तेव्हा तर रस्ता आणखी अरुंद होतो. पोर्टाशेजारी विजेची खूण आहे एवढ्यावर समाधान मानू नका. आपल्या मॉडेलला किती लेन आहेत ते तांत्रिक तपशिलात शोधा. आणि निव्वळ यूएसबी-सी आकाराचे पोर्ट म्हणजे थंडरबोल्ट नव्हे. आकार सारखा असल्यामुळे होणारी ही चूक पत्रांमध्ये वारंवार दिसते.

आता आपल्या कामाकडे वळू. ब्लेंडरसारख्या प्रणालीत दृश्य रेंडर करताना सगळी भूमिती आणि पोत एकदा कार्डाच्या स्मृतीत चढतात, त्यानंतर कार्ड आपल्या जागी बसून मिनिटेच्या मिनिटे हिशेब करते आणि शेवटी तयार चित्र परत पाठवते. केबलवरची वर्दळ सुरुवातीला आणि शेवटी तेवढी असते, म्हणून येथे बाह्य कार्ड डेस्कटॉपच्या अगदी जवळ पोहोचते. अट एवढीच की दृश्य कार्डाच्या स्मृतीत मावले पाहिजे. मावले नाही तर उरलेला भाग लॅपटॉपच्या रॅममधून त्या अरुंद केबलवाटे ये-जा करू लागतो आणि सगळा फायदा पाण्यात जातो. त्यामुळे बाह्य वापरासाठी कार्ड निवडताना मी नेहमी वेगापेक्षा स्मृतीला झुकते माप देतो: आदल्या पिढीचे १२ जीबीचे कार्ड नव्या पिढीच्या ८ जीबीच्या कार्डापेक्षा आपल्याला अधिक उपयोगी पडेल. घरच्या संगणकावर भाषिक मॉडेल चालवू इच्छिणाऱ्या दोन वाचकांनाही हेच उत्तर लागू आहे. सात अब्ज पॅरामीटरचे मॉडेल चार बिटांत आवळले की त्याला सुमारे ४ जीबी आणि संभाषणाच्या लांबीप्रमाणे थोडी अधिक जागा लागते. ते एकदा कार्डात चढले की केबलचा वेग फारसा आड येत नाही.

खेळांची गोष्ट उलट आहे. तेथे प्रत्येक चौकटीसाठी प्रोसेसर आणि कार्ड यांच्यात देवाणघेवाण चालू असते, त्यामुळे सेकंदाला जितक्या जास्त चौकटी, तितकी केबलवर कोंडी अधिक. म्हणूनच कमी रिझोल्यूशनवर बाह्य कार्डाची घट जास्त दिसते. पडदा ४केचा केला की काम कार्डावर सरकते, चौकटींची संख्या उतरते आणि घटही कमी होते. चित्र लॅपटॉपच्याच पडद्यावर पाहायचे असेल, तर तयार झालेली प्रत्येक चौकट त्याच केबलमधून परत यावी लागते. मॉनिटर थेट कार्डाला जोडणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

चित्रफितींच्या संपादनात प्रकरण थोडे नाजूक आहे. रंगसंस्कार, गोंगाट काढणे, विविध इफेक्ट ही कामे कार्डाकडे जातात आणि डाव्हिंची रिझॉल्व्हसारखी प्रणाली तर कार्डावर बरीच विसंबून असते. पण टाइमलाइनवर चित्रफीत अडकत चालते तेव्हा अडचण पुष्कळदा इफेक्टची नसून आवळलेली फाईल उलगडण्याची असते. आपला कॅमेरा एच.२६५ या आवळण्याच्या पद्धतीत १० बिट ४:२:२ अशी (रंगांचे तपशील अधिक राखणारी) नोंद करत असेल, तर आपल्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरमधील क्विक सिंक हा चित्रफिती उलगडणारा भाग ती उलगडू शकत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांनाही ४:२:२ उलगडण्याची सोय २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासूनच मिळाली. म्हणजे त्याआधीचे महागडे कार्ड जोडूनही आपली टाइमलाइन अडखळतच राहील, कारण ते ओझे चार कोअरच्या १५ वॉटच्या प्रोसेसरवरच पडेल. त्यापेक्षा संपादनाआधी कमी रिझोल्यूशनच्या प्रॉक्सी फाइली तयार करून घ्याव्यात. त्याला खर्च काहीच नाही, फक्त डिस्कवर जागा आणि रात्रभराचा वेळ लागतो.

तेव्हा आपला कस असा लावा. एका आठवड्यात रेंडरची वाट पाहण्यात किती वेळ जातो आणि टाइमलाइन अडखळण्यात किती जातो, हे लिहून ठेवा. पहिला आकडा मोठा असेल तर बाह्य कार्ड घ्यावे. ज्या पेटीत ते बसवायचे तिची लांबी-रुंदी कार्डाला पुरेशी आहे का, तिच्या पॉवर सप्लायमधून कार्डाची भूक आणि लॅपटॉपचे चार्जिंग दोन्ही भागते का, हे पाहून घ्यावे. दुसरा आकडा मोठा असेल तर प्रॉक्सीवर काम करत पैसे साठवावेत आणि नवा लॅपटॉप घ्यावा. आणि हेही खरे की पेटी, कार्ड आणि मॉनिटर असा संसार टेबलावर मांडल्यावर लॅपटॉपचे हलकेपण त्या टेबलापुरते तरी संपते. ज्यांचे काम कायम एकाच जागी चालते, त्यांच्यासाठी एवढ्याच खर्चात डेस्कटॉप होतो का, हा प्रश्न मी नेहमी आधी विचारतो.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला थंडरबोल्ट नाही. एसएसडीच्या एम.२ खाचेतून किंवा वायफाय कार्डाच्या जागेतून केबल काढून ग्राफिक्स कार्ड जोडता येते असे मित्र म्हणतो. हे सुरक्षित आहे का?

उत्तर : मित्राचे म्हणणे बरोबर आहे, पण या दोन खाचांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या वेगवान) एसएसडीच्या खाचेत बहुधा चार लेन असतात. त्या तिसऱ्या पिढीच्या असल्या तरी ३२ गिगाबिटचा रस्ता मिळतो आणि मध्ये थंडरबोल्टचा नियंत्रक नसल्याने हे जोडकाम पुष्कळदा थंडरबोल्ट ३पेक्षा सरस ठरते. चौथ्या पिढीच्या लेन असतील आणि एम.२ ते ऑक्युलिंक (पीसीआय एक्सप्रेस केबलने बाहेर नेणारी जोडणी) असा अ‍ॅडॉप्टर वापरला, तर आकडा ६४ गिगाबिटपर्यंत जातो. वायफायच्या खाचेत मात्र एकच लेन असते. रेंडर किंवा मॉडेल चालवण्यासाठी ती कशीबशी चालेल. खेळांसाठी त्या वाटेला जाऊ नये, आणि वायफाय गमावणे हा भुर्दंड वेगळाच.

आधी दोन गोष्टी पाहा. एम.२ खाच एनव्हीएमईची आहे की फक्त साटाची, हे तपासा. आकार सारखा दिसला तरी साटाच्या खाचेत पीसीआय एक्सप्रेसच्या लेन नसतात आणि तेथे काहीच होणार नाही. दुसरे म्हणजे, ती एकमेव खाच असेल तर विंडोज कोठे ठेवणार? अडीच इंची साटा डिस्कची जागा रिकामी असेल तरच हा बेत धड होतो.

सुरक्षिततेविषयी एवढेच सांगतो की, थंडरबोल्टची केबल चालू अवस्थेत काढता-घालता येते, तशी ही काढण्या-घालण्यासाठी नसते. आधी कार्डाचा पॉवर सप्लाय, मग लॅपटॉप सुरू करावा. काढताना लॅपटॉप पूर्ण बंद करावा, झोपवलेला चालणार नाही. जुन्या बायोसच्या लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड १२’ दिसला तर कार्ड बिघडले असे समजू नये. कार्डाला द्यायला मोकळे पत्ते बायोसकडे उरलेले नाहीत, असा त्याचा अर्थ. आतले वेगळे ग्राफिक्स असल्यास ते बंद केल्याने कधी कधी हे सुटते, कधी सुटतही नाही. खालचे झाकण कायम उघडे राहील आणि केबल हिसकली गेल्यास खाचच दुखावेल, हे मान्य असेल तर विद्यार्थ्याच्या हातून शिकण्यासाठी हा प्रयोग चांगला आहे. रोजीरोटी ज्या लॅपटॉपवर चालते, त्यावर तो करू नये.

प्रश्न : माझ्याकडे एम मालिकेची चिप असलेले मॅकबुक आहे. त्याला थंडरबोल्ट आहे, मग बाह्य ग्राफिक्स कार्ड चालेल ना?

उत्तर : नाही. अ‍ॅपलने बाह्य कार्डांना मॅकओएस १०.१३.४पासून, म्हणजे २०१८मध्ये, अधिकृत आधार दिला तो इंटेल प्रोसेसरच्या मॅकपुरता आणि एएमडीच्या कार्डांपुरता. एम मालिकेच्या मॅकवर हे कार्ड जोडून पडदा किंवा खेळ चालवण्याची सोय कंपनीने ठेवलेली नाही. या मॅकमध्ये रॅमही चिपबरोबरच बसवलेली असते, म्हणून जे घ्यायचे ते खरेदीच्या दिवशीच घ्यावे लागते.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये अकराव्या पिढीचा आय५-११३५जी७ आहे. जाहिरातीत आयरिस एक्सई ग्राफिक्स लिहिले होते, पण माझ्या लॅपटॉपमध्ये फक्त यूएचडी ग्राफिक्स दिसते. मी फसवला गेलो का? रॅमची ८ जीबीची एकच पट्टी आहे.

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. प्रोसेसरमधले ग्राफिक्स स्वतःची स्मृती बाळगत नाहीत, ते रॅममधूनच काम करतात. आणि या चिपमधील ग्राफिक्सना आयरिस एक्सई हे नाव तेव्हाच मिळते, जेव्हा रॅम दोन चॅनेलवर चालत असते. दुसऱ्या खाचेत त्याच वेगाची ८ जीबीची पट्टी टाका. नावही बदलेल आणि खेळ व चित्रकामातला वेगही जाणवण्याइतका वाढेल. या सबंध पत्रगठ्ठ्यात इतका स्वस्त आणि इतका सरळ उपाय दुसऱ्या कोणाला सांगता आला नाही.

प्रश्न : खेळ सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे सगळे झकास चालते, नंतर एकदम मंदावते. लॅपटॉप तीन वर्षांचा आहे. रॅम वाढवावी का?

उत्तर : आधी साफसफाई करावी. सुरुवातीला वेगवान आणि नंतर मंद, हे रॅमचे लक्षण नसून उष्णतेचे आहे. १५ वॉटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसरही सुरुवातीला थोडा वेळ त्याच्या दुप्पट-अडीचपट वीज घेतो आणि मग ठरलेल्या मर्यादेत उतरतो, तेवढे स्वाभाविक आहे. तापमान नव्वदीच्या वर जाऊन त्या मर्यादेच्याही खाली घसरण होत असेल, तर पंख्यापुढच्या जाळीत धुळीचा पापुद्रा जमला असण्याची शक्यता आहे. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. जुनी थर्मल पेस्ट वाळली असेल तर ती पुसून नवी लावावी. द्रवरूप धातूच्या मोहात पडू नये, कारण तो वीजवाहक आहे आणि त्यातील गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खाते. चार्जर मूळच्याच वॉटचा आहे ना, हेही पाहावे. कमी वॉटच्या चार्जरवर अनेक लॅपटॉप आपणहून वेग कमी करतात.

प्रश्न : नवा लॅपटॉप घ्यायचा आहे. आय७ आणि आरटीएक्स ४०६० एवढे पाहिले की पुरे का?

उत्तर : पुरे नाही, उलट या दोन नावांवरच विसंबल्याने माणसे फसतात. आय७-१३५५यू आणि आय५-१३५००एच शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात दोन वेगवान आणि आठ काटकसरी कोअर आहेत, दुसऱ्यात चार वेगवान आणि आठ काटकसरी. शिवाय दुसरा ४५ वॉटच्या वर्गातला. जड कामात हा आय५ त्या आय७ला मागे टाकतो. अक्षर आधी पाहावे, आकडा नंतर: ‘यू’ म्हणजे बॅटरीची काळजी, ‘एच’ म्हणजे कामाची.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत आणखी एक गंमत आहे. चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतली रचना सांगतो. त्यामुळे रायझन ५ ७५२०यू हा नावाने सात हजारी असला तरी आतून झेन २ ही जुनी रचना आहे, ७७३०यू झेन ३ आहे, आणि ७६४०यू झेन ४. दुकानातल्या चिठ्ठीवर हे कोणी लिहीत नाही.

ग्राफिक्सचेही तसेच. लॅपटॉपमधला आरटीएक्स ४०६० कंपनीच्या मर्जीप्रमाणे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत चालवला जातो आणि डब्यावर नाव दोन्हीकडे सारखेच असते. हा आकडा तपशिलात टीजीपी म्हणून दिलेला असतो; दिलेला नसेल तर विचारावा, आणि विक्रेता सांगू शकत नसेल तर मी ते मॉडेल सोडून देतो. वरच्या टोकाला तर चिपच वेगळी असते. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९०ला १६ जीबी स्मृती आहे, डेस्कटॉपच्या त्याच नावाच्या कार्डाला २४ जीबी, आणि दोहोंतली चिप एक नाही.

शेवटी झाकण उघडून काय वाढवता येईल ते पाहावे. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच असते, १६ किंवा ३२ जीबी. नंतर वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. इतर अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. फ्रेमवर्क या कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपसारखी मोजकी उदाहरणे सोडली, तर आतले ग्राफिक्स बदलण्याची सोय जवळजवळ कोणीच देत नाही. म्हणून ग्राफिक्सची गरज पुढे वाढेल असे वाटत असेल, तर आज थंडरबोल्ट ४, यूएसबी४ किंवा ऑक्युलिंक यांपैकी एक तरी पोर्ट असलेला लॅपटॉप घ्यावा, मग आतले कार्ड थोडे कमी दर्जाचे असले तरी चालेल.